बदनाम बंदुकीला कुंकू

एकदा एका हौशी गृहस्थाला जुन्या लष्करी रायफली जमवण्याचा नाद लागला. परवाने रीतसर होते, आणि विद्या शिकवायला गुरूही तसेच लाभले: पलटणीच्या बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक वृद्ध उस्ताद. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. ती कशी गेली, हे विचारण्याचं धाडस शिष्याला कधी झालं नव्हतं.

संग्रहात दोन रायफली शेजारी उभ्या असत. एक तीन युद्धांत नावाजलेली. दुसरी बदनाम, काडतूस नळीत बंद करणारा तिचा बोल्ट चुकीचा बसला, तर बार झाडणाऱ्याच्याच तोंडावर उलटे. खंडेनवमीला शिष्याने नावाजलेलीची साग्रसंगीत पूजा केली, नळीच्या तोंडात झेंडू खोवला आणि तो पडू नये म्हणून कापसाचा बोळाही दाबला. बदनाम रायफल कोपऱ्यातच राहिली. उस्ताद उठले, तिला कुंकू लावलं आणि हात जोडले. म्हातारपण, दुसरं काय, असं शिष्याच्या मनात आलं.

दसऱ्याला मैदानात सलामीचा बार काढायचा होता. शिष्याने झेंडू उपटून टाकला आणि लेकीला कौतुकाने हाक मारली, "ये गं, अशी खांद्याशी उभी राहा. ही बंदूक म्हणजे गरीब गाय!"

"थांब," उस्ताद म्हणाले. "काडतूस भरण्याआधी नळीतून साफसफाईचा गज घाल."

"हिच्या नळीत काय असणार, उस्ताद?"

तरी त्याने गज घातला. कुंकवाने माखलेला बोळा टपकन खाली पडला. बार निघाला असता तर नळी फाटली असती, आणि लेक हातभर अंतरावर होती.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "त्या दुसरीचं नाव वाईट आहे, आणि तो काही खोटा आळ नव्हे. पण म्हणूनच तसली रायफल हाती आली की मी तीनदा तपासतो. पलटणीतल्या चाळीस वर्षांत तसल्या एकीनंही मला ओरखडासुद्धा काढला नाही. ही बोटं नेली ती अशाच एका गुणी रायफलीनं. तिला तपासावं असं मला कधी वाटलंच नाही, बाबा. जी मला जागं ठेवते, तिला मी कुंकू लावतो."

शिष्याने लेकीला लांब पाठवलं आणि गज पुन्हा एकदा नळीतून फिरवला. सलामीला त्या दिवशी उशीर झाला.

पुढच्या खंडेनवमीला त्याने पहिलं कुंकू गजाला लावलं.