अप्पा अडकतात

अप्पांच्या तोंडाकडे बघायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

शलाकाला हे चालता येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून आताही ती अप्पांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारत होती, "...पण तुम्ही बोलायला लागलात की मगच का अडकतं?"

अप्पा सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

शेजारी भाऊराव बसले होते. अप्पांचे सगळ्यात जुने शिष्य आणि त्या घराचे कारभारी. अप्पांच्या वतीनं उत्तरं द्यायची त्यांना सवय होती. अप्पांचं तेज तारेत मावत नाही, त्याला अप्पा तरी काय करणार, असं ते म्हणाले.

शलाकाला तारेबद्दल बऱ्यापैकी माहिती होती. कॉलेजची सगळी वर्षं तिनं तेच शिकण्यात घालवली होती. पण भाऊरावांना ते सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. 

गोष्ट अशी होती.

शलाकाची आई, गोदाक्का, हिनं उमेदीची सगळी वर्षं या घरात स्वयंपाक केला. अप्पांना रोज ताट वाढलं. आता ती सोलापूरला भावाकडे असते. काचबिंदूनं दोन्ही डोळे कडेकडेनं खात आणलेत. नळीतून बघावं तेवढं मधलंच काय ते दिसतं, आणि तेही कुठवर, हे डॉक्टर सांगत नाहीत. गेलेली नजर परत येत नाही, एवढं मात्र सांगतात.

अक्कानं लेकीकडे एकच मागितलं होतं.

"अप्पांचे पाय पाठ आहेत गं मला. दिसतंय तोवर तोंड बघू दे."

प्रवास तिला झेपणार नव्हता. झेपला असता तरी इथं येऊन तिनं मान खालीच घातली असती, हे शलाकाला पक्कं माहीत होतं.

गाव कृष्णेच्या काठी, खोलगटात. मोबाइलला धड रेंज नाही. शलाकानं सांगलीहून खेपा घालून अप्पांच्या घरी नेटची लाइन आणवली, माजघरात राउटर बसवला, पुढच्या सोप्यात अप्पांच्या गादीसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर एक मोबाइल लावला, त्यांच्या उपरण्याला छोटासा माइक अडकवला. दर गुरुवारचं प्रवचन आता नेटवर थेट, कुणालाही बघता येईल असं जाणार होतं आणि सोलापूरला मामाच्या टीव्हीवर दिसणार होतं.

भाऊरावांनी आधी आकांत केला होता. अप्पांना तारेत कोंबणार का, म्हणाले. अप्पा एवढंच म्हणाले होते, "लाव."

मग भाऊरावांनी घरी जाऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशी येऊन जाहीर केलं, की चित्र म्हणजे तोंड नव्हे. चित्र बघितल्यानं नियम मोडत नाही.

इथवर सगळं ठीक.

पहिल्या गुरुवारी भजन छान दिसलं. टाळ वाजले, माणसं डोलली. भजन संपलं, अप्पांनी घसा साफ केला... आणि टीव्हीवर त्यांचं तोंड उघडलेलं ते उघडंच राहिलं. मग तोंडाचे चौकोन झाले. मग नुसतं गोल फिरणारं चक्र.

शलाकानं राउटर बंद करून चालू केला. लोखंडी कपाटामागून काढून कोनाड्यात ठेवला. पुढच्या खेपेला मोबाइल बदलला, चित्राचा दर्जा उतरवला, लाइनवाल्याला फोनवर झापलं. लाइनवाल्यानं येऊन बघितलं, वेग मोजला. उत्तम होता. सोमवारी उत्तम, बुधवारी उत्तम, गुरुवारी भजन संपेपर्यंत उत्तम.

अप्पा बोलायला लागले की अडकायचं.

राउटरला कोण कोण जोडलेलं आहे, हेही तिनं बघितलं होतं. सोप्यातल्या एकूण एक माणसाचा मोबाइल जोडलेला होता. तिनं भाऊरावांना विचारलं, तेव्हा ते दुखावले. घरी निरोप द्यायला म्हणून पासवर्ड तूच सगळ्यांना दिलास ना, म्हणाले. मोबाइल दारातून आत आला की आपला आपण जोडला जातो. पण अप्पांसमोर बसून मोबाइलवर सिनेमा बघण्याइतकी आमची माणसं नालायक नाहीत.

तेही खरंच होतं. अप्पांसमोर बसून मोबाइलवर दुसरं काही कोण बघणार? ही माणसं श्वास घ्यायलाही बिचकायची.

मग काय उरलं? शलाकाला काही सुचेना. तेज तारेत मावत नाही, हे वाक्य परवा राउटरसमोर बसल्याबसल्या तिच्या स्वतःच्या डोक्यात येऊन गेलं, तेव्हा तिला स्वतःचीच धास्ती वाटली होती.

त्यात सकाळी सोलापूरहून अक्काचा फोन आलेला.

"बंद कर आता ते," अक्का म्हणाली होती. "मला नुसते ठोकळे दिसतात. तुझं यंत्र बरोबर असेल गं. माझे डोळेच संपले."

नाही आई, ते नेटमुळं होतं, शलाका सांगत राहिली. अक्कानं ऐकून घेतलं, जसं लहान मुलाचं ऐकून घेतात तसं. आजचा गुरुवार बघते, म्हणाली. मग भावाला उगाच टीव्ही अडवून ठेवायला नको.

म्हणून शलाका अप्पांपुढे येऊन बसली होती.

अडकित्ता थांबला.

"मला एक सांग," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज हल्ली इतका बसला होता, की पुढं वाकून ऐकावं लागायचं. "मी बोलतो तेव्हा सगळे गप्प. मी गप्प झालो की हसतात. हे कशानं होतं?"

भाऊरावांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. किती खोल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

शलाकाच्या डोक्यात तिडीक गेली. आपण बिघाड घेऊन आलो आणि यांनी हातात कोडं ठेवलं. म्हाताऱ्या माणसांचं हेच. सरळ विचारा, वाकडं सांगतात.

"मला कळलं नाही," ती म्हणाली.

"मलाही," अप्पा म्हणाले.

त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"आज तू बाहेर सोप्यात बस."

दर गुरुवारी ती माजघरात राउटरपाशी लॅपटॉप घेऊन बसायची. आत कोण बघणार, तिनं विचारलं.

"बघायला माणसं पुष्कळ आहेत," अप्पा म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

संध्याकाळी सोपा भरला. शलाका मागं, मालनकाकीच्या शेजारी बसली. मालनकाकी गोदाक्काच्या बरोबरीनं या घरात भांडी घासलेली बाई. तिनं शलाकाच्या पाठीवर हात फिरवला, अक्का कशी आहे विचारलं, आणि उत्तर पुरतं यायच्या आत भजन सुरू झालं.

भजन संपलं. अप्पांनी घसा साफ केला.

साऱ्या माना खाली गेल्या. शलाकाचीही गेली. जन्माची सवय.

आणि खाली गेलेल्या नजरेला शेजारची मांडी दिसली.

मालनकाकीच्या मांडीवर, पदराच्या आडोशाला, मोबाइल होता. मोबाइलमध्ये अप्पा होते. पदराखालून एक पांढरी वायर कानाकडे गेली होती.

शलाकानं मान तशीच ठेवून नजर पलीकडे नेली. पुढच्या धोतरावर अप्पा. त्याच्या पलीकडच्या लुगड्यावर अप्पा. टोप्यांखालून, पटक्यांखालून वायरी निघालेल्या. सबंध सोपा खाली मान घालून, भक्तिभावानं, आपापल्या मांडीत अप्पांना बघत बसला होता. सगळ्यांत पुढं भाऊराव. त्यांचा मोबाइल सगळ्यांत मोठा होता.

अप्पांनी एका कंजूष पाहुण्याची गोष्ट सांगितली. गमतीची होती. कुणी हसलं नाही.

अप्पा थांबले.

सोपा शांत... शांत... आणि मग एकदम सगळे हसले. अप्पांचा शब्द माजघरातून तारेत, तारेतून कुठं कुठं फिरून परत याच सोप्यात, मांडीवर. तेवढा वेळ लागत होता.

कोडं नव्हतं ते. म्हातारा सरळच बोलत होता.

"काकी," शलाका कुजबुजली, "काय बघताय?"

मालनकाकीनं कानातलं बोंडूक काढलं. "अप्पा."

"अप्पा समोर बसलेत."

"समोर कसं बघणार बाई?" काकी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "आणि यात ऐकूही स्वच्छ येतं. फक्त मध्ये मध्ये अडकतात."

शलाका उठली. अप्पा बोलत असताना त्या सोप्यात आजवर कुणी उठलं नव्हतं. पण माना खाली होत्या, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

माजघरात जाऊन तिनं सोप्यातल्या सगळ्यांचे मोबाइल राउटरवरून तोडले. अप्पांसमोरचा मोबाइल आणि आपला लॅपटॉप तेवढा जोडलेला ठेवला.

लॅपटॉपवरचे चौकोन विरघळले. एक म्हातारा माणूस दिसायला लागला. कानात केस, नाकाच्या शेंड्यावर तीळ, सुपारीनं रंगलेला ओठ. तो बोलत होता आणि कुठंही अडकत नव्हता.

तिनं लॅपटॉपवरूनच सोलापूरला फोन लावला.



"आई?"

"थांब गं," अक्का म्हणाली. मग हळूच, "तीळ दिसतोय..."

बाहेर सोप्यात चुळबुळ सुरू झाली होती. मांड्या अंधारल्या होत्या. कुणी मोबाइल हातावर आपटून बघत होतं, कुणी दुसऱ्याच्या मांडीत डोकावत होतं. अप्पा कुठं गेले, असं एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं. तुमच्यातही नाहीत का, शेजारी म्हणाला. माझ्यातले तर मघाशीच गेले.

अप्पा गादीवरच होते. ते बोलायचे थांबले होते आणि लोकांच्या वाकलेल्या डोक्यांकडे बघत होते.

शलाका माजघराच्या दारात आली. भाऊराव उठून उभे राहिले होते, मान खाली. त्यामुळे ते शलाकाशी बोलत होते की उंबऱ्याशी, हे कळत नव्हतं.

काय केलंस, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. लाइन एवढीच आहे. इतक्या जणांनी एकाच वेळी ओढलं, तर इथून बाहेर काही जात नाही. आता ती फक्त अक्कासाठी चालू आहे.

"आणि आम्ही?" भाऊराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "मला सत्तरी उलटली, पोरी. या उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितलं मी त्यांना. ते काढून घेतेस?"

शलाकाला याची अपेक्षा नव्हती. क्षणभर तिला त्यांची दया आली. मग त्याहून जास्त राग आला.

"काढून कुठं घेतलं? हे काय, तीन हातांवर बसलेत. मान वर करा."

कुणीही मान वर केली नाही.

"नियम आहे," भाऊराव म्हणाले.

"कुणाचा?"

"विचारायचं नाही." त्यांनी स्वतःला सावरलं. आवाज पुन्हा कारभाऱ्याचा झाला. "आमचं चालू कर. अप्पांच्या बोलण्यात उठलीस, प्रवचन मोडलंस. ये इकडं. मान खाली घाल आणि माफी माग."

आत लॅपटॉपमधून अक्काचा आवाज आला. काय झालं, ती विचारत होती. अप्पा का थांबले? स्वच्छ दिसतायत, पण बोलत का नाहीत?

शलाका सोप्यात आली. वाट दोन्हीकडच्या मांड्यांमधून होती. ती भाऊरावांना ओलांडून पुढं गेली आणि गादीसमोर, तिकाटण्याच्या बाजूला, उभी राहिली. आईच्या आणि अप्पांच्या मध्ये येणार नाही एवढी काळजी तिनं घेतली.

अंगठा दिसला. घोटा दिसला. मान तिथंच अडकली, आपोआप, कुणी मागून धरल्यासारखी.

"खाली," भाऊराव मागून म्हणाले. "खाली बघ, शलाका."

"नाही," ती म्हणाली. "चालू करणार नाही. आणि खालीही बघणार नाही."

तिनं मान वर केली. सरळ. आणि अप्पांच्या डोळ्यांत बघितलं.

सोप्यातली चुळबुळ थांबली.  मालनकाकीच्या हातातलं बोंडूक गळून मांडीवर पडलं, तेवढंच काय ते हललं.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. घाई नसल्यासारखे...

मग त्या बसलेल्या आवाजात, फक्त पुढच्यांना आणि सोलापूरला ऐकू जाईल इतपत, ते म्हणाले,

"डोळे अगदी गोदेचे आहेत."