उलटी पाकोळी

झाडं पाण्यात बुडाली आणि प्राण्यांच्या पंचायतीनं पाखरांना एका जुन्या भिंतीतले कोनाडे वाटून दिले, त्या जुन्या काळातली ही गंमत. चौथ्या कोनाड्यात पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, राहायची, उलटी लटकून. तिचा जन्मही तिथलाच.

शेजारचे पारवे मुद्दाम तिच्या दारात शिटायचे. संध्याकाळी ती पिल्लासाठी किडे आणायला निघाली, की थोरला पारवा ओरडायचा, "ए काळे, उलटे! जिथून आलीस तिकडे जा!"

पाकोळी गोंधळायची. ती तर चौथ्या कोनाड्यातूनच आलेली! मुकाट्यानं आत जायची. पुन्हा बाहेर, पुन्हा आरोळी, पुन्हा आत. पिल्लू उपाशी रडायला लागलं. मग पारवे दाणे टिपायला गेलेले पाहून तिनं पंचायतीची घोरपड गाठली. "मावशी, हे मला सारखं घरातच का पाठवतात?"

घोरपड धरलं ते सोडायची नाही. तिनं पारव्यांना बोलावलं. "जिथून आलात तिकडे जा, हा तुमचाच नियम ना? मग निघा! कुठून आलात?"

पारव्यांत जुंपली. आजी म्हणे देवळातून, आजोबा म्हणे विहिरीतून. शोधायला सगळे उडाले. तिसऱ्या दिवशी दमून परतले. देवळातल्या आणि विहिरीतल्या पारव्यांनीही त्यांना "जिथून आलात तिकडे जा" असंच ऐकवलं होतं.

थोरला मान खाली घालून म्हणाला, "पाकोळीताई, राहू का इथं?"

"राहा की!" पिल्लाला भरवत पाकोळी म्हणाली. "पण दादा, कधीचं विचारायचंय. तुम्ही सगळे असे उलटे का हो उभे राहता?"