लग्नाचं सामान आणि लडकू खलाशी

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे लडकू नावाचा एक भोळा खलाशी राहायचा. अंगाने दणकट. सांगितलेलं काम चोख करायचा. तेवढंच करायचा.

लडकू ज्याच्याकडे कामाला होता, त्या जोमा नाखव्याच्या मुलीचं लग्न ठरलं. दूरच्या बंदरातून तांब्याची भांडी, लुगडी, नवरीची पेटी असं सगळं आपल्या शिडाच्या मचव्यात भरून नाखवा लडकूसोबत गावाकडे निघाला. मचव्यामागे एक होडकं बांधलं होतं. त्यात पिण्याच्या पाण्याचं पिंप.

दुपारी वारा पडला. नाखवा म्हणाला, "लडकू, नांगर टाक. मी जरा पडतो."

लडकूने नांगर उचलला आणि टाकला. दोर मचव्यातच राहिला.

नाखवा उठला, तर किनारा कुठेच दिसेना.

"नांगर कुठाय रे?"

"टाकला की!"

"अरे बावळटा, पाण्यात काहीही टाकायचं तर आधी मचव्याला बांधायचं!"

"बरं, नाखवा."

संध्याकाळी नाखव्याने मासे कापले. म्हणाला, "ही डोकी पाण्यात टाक."

लडकूने सगळी डोकी दोरीत ओवली. दोरी मचव्याला घट्ट बांधली. मग माळ पाण्यात सोडली. थोड्या वेळाने एक भलीमोठी, दातेरी मुशी मासळी जबडा वासून मागे आली. मग तिचं अख्खं खानदान आलं.

"काप ती दोरी!" नाखवा ओरडला. "नको ते मागे लागलं की दोरी कापायची आणि मागे वळून बघायचं नाही!"

"बरं, नाखवा."

सकाळी लडकूने पाहिलं, तर होडकं मागे लागलेलं. मचवा डावीकडे वळला, तर तेही वळलं. लडकूने दोरी कापली. मागे वळून बघितलं नाही.

"लडकू, पाणी आण रे."

"पाणी मागे राहिलं, नाखवा."

नाखव्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मागे राहिलेल्याला असं सोडून जातात का? हाक मारायची! दोर फेकायचा! ओढून घ्यायचं!"

"बरं, नाखवा."

तेवढ्यात धुकं उतरलं. धुक्यातून चाच्यांची होडी आली. नाखव्याने लडकूच्या तोंडावर हात ठेवला. चाच्यांना काही दिसलं नाही. ते बाजूनेच निघून गेले आणि मागे पडले. नाखव्याने सुस्कारा सोडून हात काढला.

"अहोऽऽ!" लडकूने हाक मारली. "मागे राहिलात की!"

त्याने दोर फेकला. सगळ्यांना ओढून घेतलं. नाखवा घाईघाईने जुन्या शिडाच्या गुंडाळीत शिरला. आतून कुजबुजला, "मी इथे नाही म्हणून सांग!"

चाच्यांचा म्होरक्या वर चढला. "नाखवा कुठाय?"

"इथे नाहीत. त्यांनीच सांगितलंय."

म्होरक्याला वाटलं, हा वेडा दिसतो. त्यांनी भांडी नेली, लुगडी नेली, पेटी नेली. फाटकं शीड कोण नेणार? होडी लांब जायला लागली.

वाऱ्याने मचवा आपला आपणच खाडीत आणून सोडला. किनाऱ्यावर वाजंत्री उभे होते. नाखवीण पाण्यात धावत आली.

"लडकू, सामान कुठाय?"

"चाच्यांनी नेलं."

"अगं बाई! आणि हे?"

"ते शिडात मागे राहिले होते," लडकू छाती काढून म्हणाला. "पण मी चाच्यांना परत हाक मारली. दोर फेकला. म्हटलं, नाखवांनाही घ्या ओढून!"