पळसाच्या पानावरचा कायदा

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी जंगल होतं. तिथला एकुलता एक झरा दर उन्हाळ्यात थोडा थोडा आटत चालला होता. तिथेच एक घूस आपल्या चार पिल्लांसह राहत असे. कोरड्या ओढ्यात ती नवं पाणी शोधत दिवसभर खणत असे. खड्डा खोल गेला होता, तळाची माती हाताला गार लागत होती. पण दिवसभर खणलं, तर पिल्लांसाठी दाणे गोळा कधी करायचे?

तेवढ्यात सिंहराजाने कायदा करायचं ठरवलं. पाणी शोधणाऱ्याला जंगलाच्या कोठारातून दाण्यांचा वाटा मिळणार होता. मसुदा कोल्ह्याने लिहिला, आणि तिसरं कलम असं घातलं की आधी पाणी दाखवावं, मग वाटा मिळेल. सल्ल्यासाठी घुबड, बगळा आणि कासव या तीन विद्वानांना बोलावणं गेलं. घूस घुबडाकडे धावली. "गुरुजी, बाकी काही नको. तेवढी एक ओळ खोडायला सांगा."

"अगं, ती चूक तर पोरालाही दिसेल," घुबड म्हणालं. "आम्ही बोलणारच."

त्या सभेची एक रीत होती. पळसाच्या पानाच्या देठाशी गोगलगाय सोडायची आणि ती टोकाला पोचेपर्यंत सल्लागारांनी बोलून घ्यायचं. घुबडाने पाण्याचा इतिहास पणजोबांच्या काळापासून सुरू केला. बगळ्याने घुबडाशी आपण पूर्ण सहमत असल्याचं तीनदा सांगितलं आणि मसुद्यातल्या 'शोध'च्या जागी 'संशोधन' असावं, असं सुचवलं. कासवाने बोलावल्याबद्दल महाराजांचे आभार मानले, मग कोल्ह्याचे, मग गोगलगाईचेसुद्धा. ती टोकाशी आली तेव्हा सिंहाने विचारलं, "तिसऱ्या कलमावर काही आक्षेप?"

घुबडाने बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने कासवाकडे पाहिलं. कासवाने मान आत घेतली. वाटा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीची नावं त्याच दिवशी जाहीर व्हायची होती ना!

"विद्वानांचा आक्षेप नाही, असं लिहून घ्या," कोल्हा म्हणाला.

समितीत तिघांचीही नावं आली. घुशीने आणखी आठवडाभर खणलं. मग तिच्या बिळातले दाणे संपले. पुढचं तुम्हाला सांगावं की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. पण लपवून तरी काय होणार? उन्हाळा आला तेव्हा तिच्याबरोबर तीनच पिल्लं होती.

झरा आटला. समितीने दोन बैठका घेतल्या आणि अर्ज एकही आला नसल्याची नोंद केली. शेवटी घुबड स्वतः ओढ्याकडे गेलं. घूस पिल्लांना पुढे घालून जंगल सोडून निघाली होती. घुबडाने तिला हाक मारली, आता हातभरच खणायचं राहिलं असेल म्हणालं, यंदा समितीकडून नक्की वाटा मिळवून देतो म्हणालं.

घूस थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "आधी पाणी दाखवा, गुरुजी."

तात्पर्य : विचारल्यावरही जो जाणता गप्प बसतो, त्याच्या ज्ञानाचा उपयोग फक्त चुकीचा कायदा करणाऱ्याला होतो, तहानलेल्याला होत नाही.