सोबतीचे सातशे रुपये

घाटाखालच्या एका वृद्धाश्रमात यमुताई टिपरे नावाच्या आजी राहत. त्यांना भेटायला कुणी येत नसे. फक्त व्यवस्थापक घैसास रोज दुपारी खुर्ची ओढून बसत आणि तासभर आपल्या घरचं रडगाणं गात.

एका महिन्यात बिलावर नवीनच ओळ आली: ‘सोबतीचे सातशे रुपये.’

“हे कसले हो?” यमुताईंनी विचारलं.

“मी रोज तुमच्याशी बोलायला येतो ना आजी, त्याचे!” घैसास ऐटीत म्हणाले.

“अहो, बायको बोलत नाही, मुलगा ऐकत नाही, हे सगळं तुम्ही सांगता आणि मी ऐकते. मग सातशे रुपये कुणी कुणाला द्यायचे?”

घैसासांनी ती ओळ खोडली.

दुसऱ्या दिवसापासून ते फिरकलेच नाहीत. यमुताईंनी मात्र ती खुर्ची पलंगाजवळून हलवू दिली नाही.