उत्तरेकडचं ऊन

एका शहरात पडद्यावरचे युद्धाचे खेळ रचणारा एक माणूस राहत होता. त्याचं नाव भार्गव. हात मोठा गुणी. त्यानं रचलेल्या रानात गवत वाऱ्यानं हलायचं, ओढे खळखळायचे आणि खेळणाऱ्यांना आपण घरात बसलोय याचा विसर पडायचा. लोक वाहवा करायचे. भार्गवला ती वाहवा गोड लागायची. कुणाला लागत नाही?

एकदा सैन्यातल्या एका पलटणीचे कर्नलसाहेब त्याच्याकडे आले. दूर हिमालयात एका खिंडीपाशी पलटणीचं नवं ठाणं उभं राहायचं होतं. पलटणीतल्या कुणीच तिथं हिवाळा काढलेला नव्हता. कर्नलसाहेब म्हणाले, "आमच्या जवानांना ती खिंड जाण्याआधीच ओळखीची व्हायला हवी. खेळता खेळता वाटा पाठ झाल्या पाहिजेत. जमेल?"

"जमेल," भार्गव म्हणाला.

काम त्यानं मनापासून केलं. ऐन पौषात तो स्वतः खिंडीत जाऊन राहिला. त्यानं पाहिलं, वर जायच्या वाटा दोन. एक लांबची, डोंगराला वळसा घालून जाणारी. दुसरी जवळची, डोंगराच्या उत्तर अंगानं सरळ चढणारी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे तो डोंगराच्या पलीकडेच राही. उत्तर अंगावर उन्हाचा कवडसासुद्धा येत नसे. ती जवळची वाट दिवसभर सावलीत पडून असे आणि तिच्यावर काचेसारखा बर्फ धरलेला असे. तिथले मेंढपाळ उन्हाळ्यात त्या वाटेनं जात. हिवाळ्यात तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

घरी येऊन भार्गवनं सगळं जसंच्या तसं पडद्यावर उतरवलं. सूर्य दक्षिणेला, सावली उत्तरेला, सावलीत बर्फ. जवळच्या वाटेवर पाय टाकला की खेळातला शिपाई घसरून दरीत जायचा.

काम बघायला कर्नलसाहेब आले. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय, भार्गवराव? अर्धा पडदा काळा! मोठे साहेब बघायला येणार आहेत. त्यांना काय अंधार दाखवू? जरा ऊन पाडा की त्या डोंगरावर."

भार्गवच्या अगदी ओठांवर आलं होतं, 'साहेब, हिवाळ्यात तिथं ऊन पडत नाही.' वाक्य ते केवढं! एका श्वासाचं. पण समोरची ती आठी त्याला बघवेना. आपलं काम बघून कुणी तोंड वाकडं केलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं ते वाक्य गिळलं.

"पाडतो," तो म्हणाला.

मग त्यानं सूर्य उचलला आणि उत्तरेला नेऊन ठेवला. पडद्यावर सूर्य हलवायला कितीसा वेळ लागतो! डोंगराचं उत्तर अंग सोन्यासारखं झळाळून उठलं. एवढ्या उन्हात बर्फ शोभेना, म्हणून तोही त्यानं पुसला. खाली छान कोरडी, तांबूस वाट निघाली. 'मोठे साहेब बघून गेले की सूर्य परत जागेवर नेऊ,' असं त्यानं मनाशी ठरवलं आणि मनानंही लगेच ऐकलं.

मोठे साहेब आले. खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. त्यांनी भार्गवच्या खांद्यावर शाल घातली. सूर्य कुठे आहे, हे कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी भार्गवला वाटे, आज नेऊ सूर्य जागेवर. पण तो आता नेला तर आधी का हलवला हे सांगावं लागणार होतं. आजचं उद्यावर गेलं, उद्याचं परवावर. तोवर जवान त्या खेळावर शिकू लागले होते.

त्यांच्यात केरबा नावाचा एक नाईक होता. माणदेशातला, हसतमुख गडी. बोटं अशी चालायची की बघत राहावं. जवळच्या वाटेचं वळण न् वळण त्याला पाठ झालं होतं. पलटण निघायच्या आधी तो मुद्दाम भार्गवला भेटायला आला. आईनं दिलेल्या बाजरीच्या खारोड्या त्याच्यासाठी घेऊन आला.

जाता जाता उंबऱ्यात थांबून त्यानं विचारलं, "दादा, तिथं थंडीत खरंच एवढं ऊन असतं का हो?"

भार्गवचा चेहरा क्षणभर उतरला. पण केरबा हसत होता आणि त्या हसण्यापुढे आपली चूक कबूल करणं भार्गवला फार अवघड गेलं.

"असतं की," तो म्हणाला.

"मग बरं झालं. आमच्याकडची माणसं उन्हात वाढलेली. गारठा सोसत नाही बघा." आणि केरबा गेला.

हिवाळा आला. एका सकाळी ठाण्यावर निरोप आला की खिंडीच्या वरच्या चौकीतले दोन जवान हिमवादळात सापडलेत, जखमी आहेत. लगेच पोचायला हवं होतं. ठाण्यावरच्या सुभेदारांनी विचारलं, "कुठल्या वाटेनं जायचं?"

"जवळच्या," केरबा म्हणाला. "त्या अंगाला ऊन असतं, बर्फ वितळून वाट कोरडी झाली असणार. मी पुढं होतो. मला डोळे मिटून येते ती."

सगळे त्याच्या मागून निघाले. डोंगराच्या उत्तर अंगाला वळले तर समोर निळी, थंडगार सावली. केरबा क्षणभर थबकला. वाट तीच होती, वळणंही तीच होती. पुढे कुठेतरी ऊन लागेल अशा भरवशावर तो चालत राहिला. तिसऱ्या वळणावर त्याचा पाय बर्फावरून सटकला. मागच्याला हात पुढे करायलाही सवड मिळाली नाही.

बाकीचे मागे फिरले आणि लांबच्या वाटेनं वर गेले. अडकलेले दोघं वाचले. केरबाला मात्र दरीतून वर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

भार्गवला कळलं तसा तो उठून कर्नलसाहेबांकडे गेला. बसलाही नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

कर्नलसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ऊन मी मागितलं. माझ्या वाटणीचं मी सोसेन. पण मला ठाऊक नव्हतं, भार्गवराव. तुम्हाला ठाऊक होतं." ते पुढे म्हणाले, "त्याला वाट पाठ होती. पाठ होती, म्हणूनच तो पुढे झाला."

भार्गवनं त्याच दिवशी सूर्य जागेवर नेला. सावली आली, बर्फ आला. नवे जवान आता खेळात त्या वाटेवर घसरतात, पडतात, आणि दुसऱ्या डावाला मुकाट्यानं लांबची वाट धरतात. पण भार्गवला कामात गोडी राहिली नाही. कुणी वाहवा केली की तो मान खाली घाली.

शेवटी तो केरबाच्या गावी गेला. आई ओट्यावर बसली होती. पोराचा स्नेही आला म्हणून तिनं पाणी दिलं, जेवायला थांब म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या त्या पडद्यावर ती जागा दिसती म्हणं. माझं पोरगं कुठं पडलं, मला दाव की."

भार्गवनं सोबत आणलेला छोटा पडदा तिच्या मांडीवर ठेवला. तिसरं वळण दाखवलं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि त्या काळोख्या उतारावरून बोट फिरवलं, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"मावशी," भार्गव म्हणाला, "थंडीत इथं ऊन पडत नाही. मला आधीपासून ठाऊक होतं."

त्याला वाटलं, ती आता ओरडेल, शिव्याशाप देईल. दिले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तिनं पडदा त्याच्या हातात परत दिला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मग तवाच सांगायचं हुतंस रं, लेकरा," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं ते वेळेवर बोलावं. कुणाची नाराजी चुकवण्यासाठी गिळलेल्या सत्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते, आणि मागाहून दिलेली कबुली गेलेल्याला परत आणत नाही.