तोरणातलं घरटं

रेवूची आई तोरणं विकायची. गावातल्या दारादाराला तिच्या हातचा झेंडू झुलायचा, पण तिचा स्वतःचा एवढुस्सा वाफासुद्धा नव्हता. फुलं विकत आणायची. ती महागली की मायलेकींच्या ताटात नुसती भाकरी आणि मिठाची चिमूट.

दसऱ्याचं वाळकं तोरण गुढीपाडव्याला उतरवायचं, अशी तिथली रीत. पण यंदा रेवूच्या दारावरच्या तोरणात, चौकटीच्या कोपऱ्यात, बुलबुलीने वाटीएवढं घरटं विणलं होतं. आत गुलाबी, ठिपकेदार, इवली इवली अंडी. मग काय, मायलेकी खिडकीतून ये-जा करायला लागल्या. मी असते तर पहिल्याच दिवशी खिडकीत अडकले असते, ते सोडा.

शेजारच्या गोदाक्का म्हणाल्या, "गावाला ताजी फुलं आणि घरच्या दाराला पाचोळा? कोण घेईल गं तुमची तोरणं?"

"पाचोळ्यात पाहुणे आहेत, आक्का," रेवू म्हणाली. "हळू बोला ना."

पाडव्याच्या सकाळी रेवू अंगणात सडा घालत होती. तोरणातून सोनेरी भुकटी झरझर झरली आणि एका सुकल्या झेंडूतून परी निघाली. करंगळीएवढी, केशरी झग्याची, पंखांवर दवाच्या टिकल्या.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण ऊन उंबऱ्याला लागायच्या आत. आणि मोठ्ठ्याने ओरडून. आमच्या राणीला जरा कमी ऐकू येतं."

आईला झेंडूचा वाफा! इच्छा तर रेवूच्या ओठांवरच होती. तिने छाती भरून श्वास घेतला.

टिक्.

अंड्याला तडा गेला होता. बुलबुली पंख फुलवून बसली होती. आता ओरडलं तर ती भुर्रकन उडणार आणि ओली, उघडी पिल्लं गारठणार.

ऊन अंगणात आलं. "ओरड ना गं," परी कुजबुजली.

रेवूने मान हलवली. ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले. मला तर भाजीवाल्यालाही हळू हाक मारता येत नाही. माझ्याच्याने हे झालंच नसतं.

ऊन उंबऱ्याला लागलं. इच्छा गेली.

आणि वरून आवाज आला, "चीं." मग आणखी एक. मग चिंटुकल्या चोचींचा नुसता कल्ला. बुलबुली खाऊ आणायला उडाली, तोरण हललं आणि सुकल्या झेंडूचं बी ओल्या सड्यावर भुरभुरलं.

"माझी इच्छा राहिली," रेवू पुटपुटली.

परी हसली. "राणीला ऐकू कमी येतं. दिसतं मात्र लख्ख."

तिने एक गिरकी घेतली. लखलख उजेड झाला, बी उगवलं, वाढलं, फुललं. पिवळं, केशरी, सोनेरी अंगण. उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक खिडकीतून आत आलं, पदर सावरत. गोदाक्का होत्या.

"एक तोरण दे गं," त्या कुजबुजल्या. "बाळं निजलीत ना?"